पिढ्या मोजायच्या कशावरून?

संगणकाच्या पाच पिढ्यांचा तक्ता आपल्यापैकी बहुतेकांनी कधी ना कधी पाठ केलेला असतो. पहिली पिढी निर्वात नळ्यांची, म्हणजे रेडिओच्या जमान्यात ज्यांना आपण व्हॉल्व्ह म्हणायचो त्यांची. दुसरी ट्रान्झिस्टरची, तिसरी एकात्मिक मंडलांची म्हणजे चिपची, चौथी मायक्रोप्रोसेसरची आणि पाचवी कृत्रिम बुद्धिमत्तेची. शालेय पुस्तकांपासून स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शकांपर्यंत हा तक्ता जसाच्या तसा छापला जातो. त्यातली पाचवी पिढी हे मुळात जपानी सरकारने १९८२ साली हाती घेतलेल्या एका प्रकल्पाचे नाव. दहा वर्षांनी तो प्रकल्प गुंडाळला गेला. तक्त्यातली ओळ मात्र राहिली.

तक्ता खोटा आहे असे मला म्हणायचे नाही. पण तो यंत्राचा एकच अवयव पाहतो: गणित करणारा. संगणकाला दुसराही एक अवयव असतो. आकडे आणि आज्ञा लक्षात ठेवणारा, ज्याला आपण स्मृती किंवा सरळ मेमरी म्हणतो. या दोन अवयवांची वये सारखी नसतात. मोठ्या एकत्र कुटुंबात एखादा काका पुतण्यापेक्षा वयाने लहान असतो. पिढी वरची आणि वय कमी. संगणकांच्या घराण्यात असे काका-पुतणे जागोजाग सापडतात. माझे म्हणणे असे, की पहिली तीस वर्षे तरी संगणकाची खरी अडचण गणिताची नव्हती, स्मृतीची होती. आणि पिढ्या स्मृतीवरून मोजल्या तर या इतिहासातली काही यंत्रे, विशेषतः मुंबईत तयार झालेले एक यंत्र, वेगळ्या जागी जाऊन बसतात.

एनिआकपासून सुरुवात करू. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात तयार झालेल्या आणि फेब्रुवारी १९४६ मध्ये जगासमोर आलेल्या या यंत्रात सुमारे १८,००० नळ्या होत्या. हा आकडा सगळे सांगतात. त्या नळ्या करत काय होत्या हे फारसे कुणी सांगत नाही. एनिआकमध्ये २० संचायक होते. प्रत्येक संचायक दहा अंकी एक संख्या धरून ठेवी आणि तिच्यात बेरीज करी. एकेका संचायकाला सुमारे ५५० नळ्या लागत. म्हणजे अवघ्या वीस संख्या हाताशी ठेवण्यासाठी अकरा हजार नळ्या, यंत्राचा निम्म्याहून अधिक भाग. आज्ञा साठवायला जागाच नव्हती. नवे गणित घालायचे तर तारा उपटून पुन्हा खोचायच्या आणि बटणे फिरवायची. त्यात कित्येक दिवस जात. जॉन फॉन नॉयमनने जून १९४५ च्या आपल्या प्रसिद्ध टिपणात आज्ञाही आकड्यांप्रमाणेच स्मृतीत ठेवाव्यात ही कल्पना मांडली. कागदावर ती सुरेख होती. पण ठेवायच्या कशात?

पुढच्या सात-आठ वर्षांत या प्रश्नाला जी उत्तरे निघाली ती वाचताना मला नेहमी मौज वाटते. प्रेस्पर एकर्टने युद्धकाळातल्या रडारमधून एक युक्ती उचलली. पाऱ्याने भरलेल्या नळीच्या एका टोकाला ध्वनीचे ठोके द्यायचे, ते पाऱ्यातून धीम्या गतीने दुसऱ्या टोकाला पोचले की तिथे पकडून पुन्हा पहिल्या टोकाला पाठवायचे. ठोके फिरते राहिले तोवर आकडा लक्षात राहिला. केंब्रिजमध्ये मॉरिस विल्क्सच्या एडसॅक यंत्राने ६ मे १९४९ रोजी पहिले गणित केले ते अशाच पाऱ्याच्या नळ्यांवर. दीड मीटर लांबीच्या नळीतून ठोका जायला साधारण एक मिलिसेकंद लागे, आणि तेवढ्या अवधीत पाचशेहून अधिक ठोके वाटेत असत. कीर्तनकाराच्या तोंडचा अभंग टाळकऱ्यांनी उचलून धरावा आणि एका क्षणासाठीही थांबू नये, तशी ही स्मृती. तापमान बदलले की पाऱ्यातला ध्वनीचा वेग बदले आणि सगळे बिनसे. अ‍ॅलन ट्युरिंगने पाऱ्याऐवजी जिन वापरायला सुचवले होते, असे विल्क्सने नोंदवले आहे. पाणी आणि अल्कोहोल यांचे योग्य मिश्रण तापमानाला फारसे बधत नाही, त्यामुळे सूचना निव्वळ थट्टेची नव्हती.

मँचेस्टरला फ्रेडी विल्यम्स आणि टॉम किलबर्न यांनी दुसरी वाट धरली. टीव्हीच्या पडद्यासारख्या नळीच्या काचेवर विजेच्या भाराचे ठिपके उमटवायचे आणि ठिपका आहे की नाही यावरून शून्य-एक ओळखायचे. २१ जून १९४८ रोजी त्यांच्या छोट्या यंत्राने स्मृतीत साठवलेल्या आज्ञांवर जगातले पहिले गणित चालवले. त्या यंत्राची स्मृती ३२ ओळी, प्रत्येक ओळीत ३२ बिट. म्हणजे १,०२४ ठिपके. अडचण एकच. ठिपक्यातला भार झिरपून जाई. म्हणून तो विरण्याआधी वाचायचा आणि पुन्हा लिहायचा, सतत. प्रिन्स्टनमध्ये फॉन नॉयमनचे स्वतःचे यंत्र उभे राहिले तेही अखेर याच नळ्यांवर. त्याला ४,०९६ शब्दांची स्मृती हवी होती, मिळाली १,०२४ शब्दांची. (संगणकाच्या भाषेत शब्द म्हणजे एका वेळी उचलायच्या बिटांचा ठरलेला गट, या यंत्रात तो ४० बिटांचा होता.)

तिसरी वाट गरिबांची होती: चुंबकीय ड्रम. पिंप फिरत राहते, त्याच्या पृष्ठभागावर आकडे कोरलेले, हवा तो आकडा डोक्याखाली येईपर्यंत थांबायचे. स्वस्त, टिकाऊ आणि हळू. भारतात आलेला पहिला अंकीय संगणक या जातीचा होता. कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी इंग्लंडहून मागवलेले हेक-२एम हे यंत्र १९५५ मध्ये आले आणि १९५६ मध्ये कामाला लागले. नळ्यांवर चालणारे आणि ड्रमवर लक्षात ठेवणारे.

आता या कथेतल्या मुख्य वस्तूकडे येतो. ती आहे मोहरीएवढ्या ते ज्वारीच्या दाण्याएवढ्या आकाराची फेराइटची कडी. फेराइट म्हणजे लोहाच्या ऑक्साइडपासून भट्टीत भाजून केलेला चिनी मातीसारखा पदार्थ, जो चुंबकित होतो. कडी एका दिशेने चुंबकित झाली तर शून्य, उलट दिशेने झाली तर एक. अशा हजारो कड्या तारांच्या जाळीत ओवायच्या, उभ्या तारा आणि आडव्या तारा. एका उभ्या आणि एका आडव्या तारेतून अर्धा-अर्धा विद्युतप्रवाह सोडला, की फक्त त्यांच्या छेदावरच्या कडीला पुरा प्रवाह मिळतो आणि तीच तेवढी उलटते. बाकीच्या जागच्या हलत नाहीत. खेरीज एक तार वाचण्यासाठी आणि एक लिहिताना नको तिथे रोखण्यासाठी. म्हणजे डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या कडीच्या भोकातून चार तारा.

ही कल्पना नेमकी कुणाची, यावर बराच वाद झाला. अ‍ॅन वँग या चिनी-अमेरिकन संशोधकाने हार्वर्डमध्ये तिचा एक भाग साधला आणि आपले पेटंट १९५६ साली पाच लाख डॉलरला आयबीएमला विकले. उभ्या-आडव्या तारांची जाळी एमआयटीच्या जे फॉरेस्टरची. त्याच्या पेटंटपोटी आयबीएमने १९६४ साली एमआयटीला एक कोटी तीस लाख डॉलर मोजले. एवढा पैसा का ओतला, हे एमआयटीच्या व्हर्लविंड यंत्रावरून कळते. ऑगस्ट १९५३ मध्ये त्यातली जुनी नळ्यांची स्मृती काढून कड्यांची बसवली. गणित करणाऱ्या भागातल्या नळ्या त्याच राहिल्या. तरी यंत्राचा वेग दुप्पट झाला आणि स्मृतीच्या देखभालीला दिवसाचे चार तास जात होते ते आठवड्याला दोन तासांवर आले. तक्त्याप्रमाणे व्हर्लविंड त्या महिन्याच्या आधीही पहिल्या पिढीचे आणि नंतरही पहिल्याच पिढीचे. ज्यांनी ते चालवले त्यांना विचारले असते तर त्यांनी वेगळे सांगितले असते.

या कड्या ओवल्या कुणी? बहुतांश बायकांनी, हाताने, भिंगाखाली, बारीक सुयांनी. यंत्राने ओवण्याचे प्रयोग झाले, काही अंशी साधलेही, पण कारखान्यांना शेवटी हात लागलेच, आणि ते हात जिथे स्वस्त होते तिथे, म्हणजे पूर्व आशियात, हे काम सरकत गेले. विसाव्या शतकातल्या सर्वांत आधुनिक यंत्राचा गाभा मण्यांच्या माळेसारखा ओवला जात होता. संगणकाच्या इतिहासात शोध लावणाऱ्यांची नावे ठळक असतात. ओवणाऱ्यांची नावे कुठे लिहिलेली नाहीत.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये, रंगस्वामी नरसिंहन १९५४ साली दाखल झाले आणि होमी भाभांच्या पाठिंब्याने संगणक बांधण्याचे काम सुरू झाले. विकत घ्यायचा नव्हता, बांधायचा होता. आधी एक छोटे प्रायोगिक यंत्र केले. ते १९५६ च्या अखेरीस चालू झाले. त्या अनुभवावर मोठे यंत्र हाती घेतले आणि फेब्रुवारी १९६० मध्ये ते कामाला लागले. २,७०० नळ्या, १,७०० जर्मेनियम डायोड, १२,५०० रोधक. १८ फूट लांब आणि ८ फूट उंच पोलादी सांगाडा. जानेवारी १९६२ मध्ये कुलाब्याच्या टोकावरच्या संस्थेच्या नव्या वास्तूचे उद्घाटन करायला पंडित नेहरू आले तेव्हा या यंत्राचे टिफ्रॅक असे नामकरण झाले.

टिफ्रॅकबद्दल एक शेरा वारंवार वाचायला मिळतो: उशिरा आलेले यंत्र. शेऱ्याला आधार आहे. आयबीएमने ट्रान्झिस्टरवर चालणारे १४०१ हे यंत्र ऑक्टोबर १९५९ मध्येच जाहीर केले होते. त्यातले एक १९६१ साली मुंबईतच एस्सो या तेल कंपनीत बसले. म्हणजे नेहरूंनी नाव दिले तेव्हा याच शहरात तक्त्याप्रमाणे पुढच्या पिढीचे यंत्र हिशेब करत होते. मग नळ्यांचे यंत्र बांधण्यात पाच-सहा वर्षे घालवली ती कशासाठी, असा प्रश्न निघतो आणि त्यात थोडी कुचेष्टाही असते.

पण स्मृतीकडे पाहा. टिफ्रॅकची स्मृती फेराइट कड्यांची होती. २,०४८ शब्द, प्रत्येकी ४० बिट. एका बिटाला एक कडी, म्हणजे ८१,९२० कड्या. फॉन नॉयमनच्या प्रिन्स्टनच्या यंत्राच्या बरोबर दुप्पट, आणि झिरपणारी नव्हे, वीज गेली तरी टिकणारी. एस्सोतल्या १४०१ ची स्मृतीही कड्यांचीच होती. गणित करणाऱ्या अवयवात ही दोन यंत्रे एका पिढीच्या अंतरावर, लक्षात ठेवणाऱ्या अवयवात एकाच पिढीची. उलट कलकत्त्याचे हेक-२एम आणि मुंबईचे टिफ्रॅक तक्त्याच्या एकाच ओळीत येतात, कारण दोन्हींत नळ्या. एकात पिंप फिरून आकडा समोर यायची वाट पाहावी लागे, दुसऱ्यात कोणताही शब्द सुमारे पंधरा मायक्रोसेकंदांत हाती येई. या दोघांना सख्खे भाऊ म्हणणे मला पटत नाही.

हे निवडीचे श्रेय आहे, योगायोग नव्हे. १९५४-५५ साली भारतात बसून ट्रान्झिस्टरचे यंत्र बांधणे हा हट्ट ठरला असता; भरवशाचे ट्रान्झिस्टर हजारोंच्या संख्येने मिळणे अमेरिकेतही तेव्हा सोपे नव्हते. नळ्या मात्र परिचयाच्या होत्या. स्मृतीच्या बाबतीत पाऱ्याच्या, काचेच्या किंवा ड्रमच्या वाटेने जाता आले असते. त्या वाटा मळलेल्या होत्या. कड्यांची स्मृती व्हर्लविंडमध्ये बसून जेमतेम दोन वर्षे होत होती. जिथे जुन्यावर भागत होते तिथे जुने आणि जिथे यंत्राचा जीव होता तिथे नवे, असा हा निर्णय. नरसिंहन यांच्या गटाला मी दूरदृष्टी वगैरे मोठे शब्द चिकटवणार नाही. त्यांना व्यवहार कळत होता, आणि ते पुरेसे आहे.

टिफ्रॅक मागे पडले ते नळ्यांमुळे जितके, तितकेच स्मृतीच्या आकारामुळे. ८१,९२० बिट म्हणजे आजच्या मापाने दहा किलोबाइट. देवनागरीतले एक चिन्ह आज साठवायला तीन बाइट लागतात. तेव्हा हा लेख टिफ्रॅकच्या स्मृतीत घालायचा म्हटला तर फार तर चौथाई मावेल, आणि तो छापण्याच्या आज्ञांना जागाच उरणार नाही. १९६४ साली टीआयएफआरमध्ये सीडीसी ३६०० हे अमेरिकन यंत्र अमेरिकेच्या मदतीने आले. त्या जातीच्या यंत्रात स्मृतीच्या एकेका संचात ४८ बिटांचे ३२,७६८ शब्द असत, आणि शब्द मिळायला दीड मायक्रोसेकंद लागे. कड्याच, पण अधिक बारीक, अधिक वेगवान आणि कित्येक पटींनी अधिक. देशभरातल्या संशोधकांची गणिते पुढे त्या यंत्रावर होऊ लागली आणि टिफ्रॅकची गरज संपली. बांधण्याची परंपरा तुटली नाही, पण बारीक झाली. मुंबईतच भाभा अणुसंशोधन केंद्रात आकाराला आलेला आणि हैदराबादच्या ईसीआयएलने बाजारात आणलेला टीडीसी-१२ उभा राहायला १९६९ साल उजाडले. त्याचीही स्मृती कड्यांची.

त्याच वर्षी चंद्रावर उतरलेल्या अपोलो यानात काका-पुतण्याचे सर्वांत नमुनेदार उदाहरण होते. यानातल्या संगणकाचा गणित करणारा भाग एकात्मिक मंडलांचा, म्हणजे तक्त्यातल्या तिसऱ्या पिढीचा; चिपवर बांधलेल्या अगदी पहिल्या संगणकांपैकी तो एक. स्मृती मात्र ओवलेली. बदलता येणारी स्मृती २,०४८ शब्दांची, टिफ्रॅकएवढीच, फक्त शब्द १६ बिटांचे. कायमच्या आज्ञा मात्र आणखी वेगळ्या रीतीने ठेवलेल्या: तार कडीच्या आतून गेली तर एक, बाहेरून गेली तर शून्य. असे ३६,८६४ शब्द मॅसॅच्युसेट्समधल्या वॉल्थमच्या रेथिऑन कारखान्यात बायकांनी विणले. आज्ञांत चूक राहिली तर ती विणीत उतरे आणि वीण उसवावी लागे. चंद्रावर जाण्याचा कार्यक्रम अक्षरशः हातमागाचा माल होता.

कड्यांचे राज्य संपवले ते चिपने, पण तक्ता सुचवतो त्या क्रमाने नव्हे. १९६४ साली आयबीएमने ३६० ही संगणकांची मालिका आणली आणि ती तिसऱ्या पिढीची म्हणून गाजली; तिच्यात खऱ्या अर्थाने एकात्मिक मंडले नव्हती आणि स्मृती कड्यांचीच होती. ‘पिढी’ हा शब्द इतिहासकारांपेक्षा विक्रेत्यांच्या अधिक सोयीचा, ही शंका मला इथे येते. खरा बदल पुढे झाला. आयबीएममधल्या रॉबर्ट डेनार्डने एका बिटाला एकच ट्रान्झिस्टर आणि विजेचा भार धरणारे एक सूक्ष्म धारित्र पुरते हे दाखवले. त्याचे पेटंट १९६८ चे. त्याच साली स्थापन झालेली इंटेल ही कंपनी मुळात मायक्रोप्रोसेसरसाठी निघालीच नव्हती, स्मृतीच्या चिप करण्यासाठी निघाली होती. ऑक्टोबर १९७० मध्ये तिने ११०३ ही १,०२४ बिटांची चिप आणली. तोवर कड्यांची किंमत बिटाला सुमारे एक डॉलरवरून एका सेंटवर घसरली होती, तरी त्या चिपने तिला मागे टाकले. मँचेस्टरच्या पहिल्या यंत्रात एका काचेवर होते तेवढेच हे बिट. नोव्हेंबर १९७१ चा ४००४ हा पहिला मायक्रोप्रोसेसर, ज्याच्यामुळे तक्त्यात चौथी ओळ उघडते, त्याच कंपनीचा नंतरचा उद्योग. यंत्र मेजावर मावेल एवढे झाले ते एकट्या मायक्रोप्रोसेसरमुळे नाही. ओवलेल्या कड्यांची पेटी त्याला जोडावी लागली असती तर घरगुती संगणकाची किंमत घराएवढीच झाली असती.

कड्या गेल्या, पण भाषेत राहिल्या. प्रोग्रॅम कोसळला की स्मृतीची जी प्रत निघते तिला आजही कोअर डम्प म्हणतात. कोअर म्हणजे ती फेराइटची कडी. हा शब्द रोज वापरणाऱ्या तरुणांतल्या फार थोड्यांनी ती पाहिली असेल.

पुढे गणित करणारा अवयव इतका वेगवान झाला, की तो बराचसा वेळ स्मृतीची वाट पाहत बसू लागला. यावरचा उपाय, म्हणजे मोठ्या हळू स्मृतीच्या पुढे एक छोटी चपळ स्मृती ठेवणे, १९६५ साली लेखात मांडला तो पाऱ्याच्या नळ्यांशी झगडलेल्या मॉरिस विल्क्सनेच. आज प्रत्येक मोबाइलमध्ये ती असते, कॅश या नावाने. आणि तक्त्याच्या पाचव्या ओळीतली कृत्रिम बुद्धिमत्ता आता खरोखरच अवतरली आहे, तर तिचे भाषा चालवणारे प्रोग्रॅम उत्तर देताना बहुतेकदा अडतात ते गुणाकारांवर नव्हे. स्मृतीतून आकडे किती वेगाने ओढता येतात त्यावर. म्हणून त्या कामाच्या चिपना खेटून स्मृतीच्या चिपचे थर एकावर एक रचलेले असतात, इडलीपात्रासारखे. त्या थरांतल्या प्रत्येक बिटाचा भार आजही झिरपतो. दर ६४ मिलिसेकंदांच्या आत तो वाचून पुन्हा लिहावा लागतो. विल्यम्स आणि किलबर्न यांना मँचेस्टरमध्ये काचेवरच्या १,०२४ ठिपक्यांसाठी हेच करावे लागत होते.